कळलं, नाही कळलं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मुख्याध्यापक सर. शिक्षण खात्यातून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठावरचे सर्व गुरुजन. आज ज्यांना आपण जड अंतःकरणाने निरोप देतो आहोत त्या विज्ञानाच्या बाई. पालकहो, आणि मागच्या रांगेत आत्तापासूनच खिदळणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

मी या शाळेच्या संगणक कक्षात काम करतो. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या माणसाच्या हातात सहसा माईक देत नाहीत, पडदा जोडायला बोलावतात. तो मी जोडलाच आहे, माझ्या पाठीमागे. पाहुण्यांना प्रात्यक्षिक दिसावं, ही सरांची इच्छा. तुमच्या मोबाइलवर, मुलांच्या टॅबवर दोन बटणं दिसतील: 'कळलं' आणि 'नाही कळलं'. खाली लिहायला एक चौकट. कुणी काय दाबलं, कुणी काय लिहिलं, हे कुणालाच दिसत नाही. मलाही नाही. पडद्यावर दोन पट्टे वाढतात, हिरवा आणि लाल, आणि चौकटीतलं खाली उमटतं, नावाशिवाय. माझं बोलणं चालू असतानाच खुशाल दाबा.

तर हे सगळं सुरू केलं बाईंनी. वयाने माझ्याएवढ्याच आहेत. पण सबंध शाळा बाई म्हणते म्हणून मीही बाई म्हणतो. दुसरं काय म्हणणार? त्या आल्या तेव्हा आपल्याकडची रीत काय होती? धडा संपला की 'कळलं का?' विचारायचं आणि वर्गाने एका सुरात 'हो बाई' म्हणायचं. कॉलेजात मी एकदा 'नाही' म्हणालो होतो. सर म्हणाले, 'मग इतका वेळ झोपला होतास का?' त्यांचा आवाज चढला, माझा त्याहून चढला, आणि पुढे... जाऊ द्या. आजचा विषय तो नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी प्रकाशाचं अपवर्तन शिकवलं. आणि काय शिकवलं! पाण्याच्या ग्लासातली वाकडी पेन्सिल, फळ्यावर रंगीत किरण, सगळं. 'कळलं का?' 'हो बाई!' खिडक्या हादरल्या. मग त्या म्हणाल्या, 'आता बटण दाबा.'

पडदा लाल झाला. अख्खा. तळाशी हिरवी एक बारीक रेघ, तीही बहुधा चुकून दाबलेली.

मुख्याध्यापक सर दारातच उभे होते. मला म्हणाले, 'अरे, यंत्र बिघडलंय तुझं. बघ जरा.' मी वायरी काढल्या, पुन्हा खोचल्या. लालच! 'मुलं इतकी खोटं बोलतात?' असं तुम्ही म्हणालात, सर, आठवतंय? मी ताडकन म्हणालो, 'खोटं ती आजवर बोलत होती.' त्यावर तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून जे काही सुनावलंत, ते आज आदरपूर्वक बाजूला ठेवतो.

बाई मात्र पहिल्या बाकावर मटकन बसल्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता रडणार. चौकटीत कुणीतरी लिहिलं होतं, 'किरण म्हणजे नक्की काय'. त्या ते वाचत राहिल्या. मग उठल्या, फळा पुसला आणि म्हणाल्या, 'ज्यांचा हात वर येत नाही, त्यांच्यासाठीच आहे हे. नाही कळलं, परत सांगा, असं बेधडक लिहायचं. आणि हो, दोन शब्द लिहिले तरी पूर्णविराम द्यायचा.' मुलं बेधडक लिहू लागली. पूर्णविराम मात्र बाईंशिवाय आजतागायत कुणी दिलेला नाही.

त्या दिवशी माझं जे व्हायचं ते झालं. म्हणजे, अशा साधनांविषयीचा माझा आदर दुणावला.

का हसताय? काय झालं?

थांबा, मागे बघतो... अरे बाप रे! एवढा लाल? माझ्या भाषणाला? आणि हे खाली काय? 'दादा मुद्द्याचं बोला'. 'दादा बाईंचंच नेट रोज का दुरुस्त करायचा'. 'आम्हाला सगळं माहितेय'. कोण रे तो? उभा राहा! ...हो, कळणार नाही कोण ते. मीच बसवलंय.

पाहुण्यांनी क्षमा करावी. मला वाटत होतं, या शाळेत भिंतींनाही पत्ता नाही. आणि इथे पाचवीतल्या पोरांना पाठ आहे!

बरं. मुद्द्याचं. बाई, तुमच्या वर्गातलं नेट कधीच बिघडलेलं नव्हतं. उद्या सकाळी तुमची गाडी आहे, नवी शाळा वाट बघतेय. जाऊ नका म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी भांडकुदळ माणूस, कुणाशीही भिडतो. पण या एका बाबतीत माझा हात कधी वर आला नाही. मला तुम्ही आवडता. संपलं.

...

हिरवं! बघा, पडदा हिरवागार झाला! सर, तुम्हीसुद्धा मोबाइल बाहेर काढलात?

नाही, थांबा. तळाशी लाल रेघ आहे, एकच. सबंध सभागृहाला कळलं आणि एकाच माणसाला नाही? कोण आहे एवढं मठ्ठ? चौकटीत काहीतरी आलंय...

'नाही कळलं. परत सांगा.'

दोन पूर्णविराम. दोन्ही जागच्या जागी.

पाणी द्या कुणीतरी. बाई, तुम्ही मोबाइल असा पालथा का धरलाय?

मंडळी, परत सांगणं हे माईकवरचं काम नाही. अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, पालक उठून गेले नाहीत, सर्वांचा ऋणी आहे. मानपानात काही राहिलं असेल, जिभेने कुठे मर्यादा सोडली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. पोरांनो, पडदा तेवढा बंद करा रे. मी व्यासपीठाच्या त्या टोकाला चाललोय.