बुजगावण्याचं जाकीट

चूक सरळसरळ मोठ्या काकाची. रस्त्याच्या कामावर मिळालेलं झगझगीत नारंगी जाकीट त्यानं डुकरं पळवायला धानाच्या अख्ख्या हंगामात बुजगावण्याला घालून ठेवलं.

मी बजावलं होतं, "काका, असा चमकता रंग उनात मरते."

"कॉलेज सोडलेला तू, मले शिकवून राह्यला?"

मग एका पहाटे तेच जाकीट घालून स्वारी सायकलवर मोहफुलं वेचायला निघाली. मी टोपली घेऊन मागून पायी. समोरून ट्रक आला आणि काकानं नालीत उडी टाकली.

ड्रायव्हर खाली उतरला. "चाचा, आप दिखे ही नहीं!"

"जाकीट घातलं ना बे!"

"ये? मुझे तो मट्टी का ढेर लगा."

मी काकाचे हातपाय चाचपले. सगळं शाबूत होतं, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

ट्रकखाली आलेली सायकल मात्र भंगारात गेली.