भाकरी थापते, पन खात न्हाई

(श्रीगोंद्याजवळ कारखान्याच्या रस्त्यावर कौसाबाईंची खानावळ आहे. दुपारची गर्दी ओसरल्यावर त्या बोलत गेल्या, ते त्यांच्याच शब्दांत.)

माझं माहेर तिसगावच्या अंगाला, पाथर्डी तालुका. तिकडं पाऊस आला तर बाजरी, न्हाई तर नुसती कुसळं. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं, म्हातारी-कोतारी तेवढी मागं ऱ्हायची आन् आमी समदी बैलगाडीत बसून ऊसतोडीला. मी उसाच्या पाचटावर झोपून मोठी झाले, काय सांगू तुमाला. आमची आय फडावर तीन दगडांची चूल मांडायची, दिवसभराच्या भाकरी थापायची, आमाला वाढायची आन् मग दुरडीत हात घालून बघायची, काय उरलंय का. उरली तर खायची, न्हाई उरली तर तांब्याभर पानी पिऊन कोयता उचलायची. आन् म्हनायची, कौसे, भाकरीला पाय लागू देऊ नको गं, भाकरी हाय म्हनून आपन हाय. तर असल्या आयच्या पोटची मी, आन् आज मी भाकरी खात न्हाई. लोकं म्हनत्यात बाईला याड लागलं. म्हनू द्या.

लगीन होऊन मी हिकडं आले. आमचं मालक कारखान्यात हंगामी कामाला, शांत मानूस, कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. पोरगी झाली, पूजा, ती शाळंत जाया लागली तवा मी ही खानावळ टाकली, तवा नुसतं चार बांबू आन् वर पत्रा हुता. ट्रकवाली, ट्रॅक्टरवाली, ऊसतोडीच्या टोळ्यांची मानसं, समदी जेवायला. माझ्या हातची भाकरी पापुद्र्याची, तव्यावरनं उतरली की अशी टम्म, लोकं गाडी थांबवून यायची. आता बघा, जी पोरगी लहानपनी अर्ध्या पोटी झोपलीय तिच्या पुढ्यात दिवसभर अन्न आलं तर ती थांबंल का? मी न्हाई थांबले. थापता थापता एक तुकडा, कालवनाची चव बघायला एक तुकडा, शेवटचं गिऱ्हाईक उठलं की उरलेलं वाया कशाला म्हनून ते बी मीच. चहा तर इचारूच नका, कारखान्याची साखर घरात, चमचा असा डोंगरावानी भरून.

लई सुटले. एसटीच्या पायरीवर पाय टाकायचा तर मागनं कुनीतरी ढकलावं लागायचं, चुलीपुढं बसले तर उठाया पत्र्याचा खांब धरायचा. मानंवर काळा पट्टा आला, मला वाटलं धुराचा हाय, घासून घासून कातडी सोलली तरी जाईना. पोरं गाडीवरनं जाता जाता हत्तीन म्हनायची. मी पन हसायची. हसायची म्हंजी काय, रडून कोन जेवाया येतंय तुमच्याकडं?

आन् मग आयला शुगर निघाली. जलमभर ऊस तोडला बिचारीनं, दुसऱ्याच्या च्याला गोडी दिली, आन् ती साखर शेवटी तिच्याच रगतात जाऊन बसली. तिच्या पायाला काटा लागल्याचं निमित्त झालं. जखम चिघळली, हळद लावली, पाला लावला, नगरला नेलं तवर उशीर झाल्ता. पाय घोट्याच्या वर कापला. मी गेल्ते तवा ती चादर सारखी करीत हुती, जिथं पाय न्हाई तिथली पन. मला म्हनली, कौसे, आता फडावर मला कोन घेनार गं? अहो, ती कामाला जायाचं सोडून कैक वरसं झाल्ती, तरी तिला तेच पडलेलं. त्या सालीच ती गेली.

त्याच्यानंतर थोड्या दिवसांनी माझं बोट तव्याला भाजलं. आता भाकरी थापनारीला भाजनं काय नवं हाय का? पन ते बरंच हुईना. पिकलं, परत पिकलं. मी रोज त्या बोटाकडं बघायची आन् मला ती चादर दिसायची. पूजा तवर नर्सिंग शिकून नगरला कामाला लागल्ती, ती सुट्टीला आली, बोट बघितलं आन् मला हाताला धरून हिथल्या डॉक्टरीनबाईकडं घेऊन गेली. रगत तपासलं. शुगर. चांगली वाढलेली.

डॉक्टरीनबाई म्हनल्या, गोळ्या चालू करू, पन वजन उतरवल्याशिवाय खरं न्हाई. घरी आल्यावर पूजा म्हनली, आये, भाकरी, चपाती, भात, बटाटा, साखर, समदं बंद करून बघू. मी म्हनलं, मग मी खाऊ काय, दगडं? ती म्हनली, अंडी खा, कोंबडी खा, सुकट खा, मेथी, शेपू, वांगं, दोडका, काय हाय ते टोपभर खा, मूठभर शेंगदाने खा, मीठ घालून ताक पी, पन ज्यानं शुगर चढती ते खाऊ नको. मी तिच्यावर वसकले, म्हनलं तुझी आज्जी भाकरीपायी राबून राबून मेली आन् तू मला भाकरी सोड म्हनती! पोरगी हलली न्हाई. म्हनली, आज्जी भाकरीपायी न्हाई मेली आये, आज्जी कुनी येळंवर सांगितलं न्हाई म्हनून मेली. आता मी सांगतीय.

डॉक्टरीनबाईंना इचारलं. त्या म्हनल्या, चालंल, पन मनानं गोळ्या सोडायच्या न्हाईत, नेमानं येऊन रगत दाखवायचं, चक्कर आली तर लगेच यायचं. झालं.

पहिलं दिवस काय सांगू. डोस्कं ठनकायचं, हातपाय गळाल्यागत व्हायचं, समोर मी दुरड्याच्या दुरड्या भाकरी थापतीय आन् वास असा नाकात घुसतोय, की वाटायचं तोंडात घालावी आन् व्हायचं ते हू द्यावं. चिडचिड इतकी, की एका ड्रायव्हरनं कांदा दोनदा मागितला तर त्याच्या अंगावर धावून गेले. पूजा फोनवर म्हनायची, आये, ताक पी, दम धर. मी मागच्या बाजूला, कुनाला दिसनार न्हाई असं बसून माझी वांग्याची भाजी नुसती चमच्यानं खायची. लाज वाटायची हो. भाकरीशिवाय कालवन खानारी बाई कुनी बघितलीय का?

पन हळूहळू भूक शहानी झाली. पोट मागंना. पहिल्यांदा बोट भरलं. मग बांगड्या सैल झाल्या, मग एक दिवस एसटीत चढले आन् आत जाऊन बसल्यावर ध्यानात आलं, की अरं, मला आज कुनी ढकललं न्हाई! सीटवर बसून एकटीच हसत हुते. मानंवरचा पट्टा फिका पडला. डॉक्टरीनबाईंनी कागद बघितला, परत बघितला, आन् गोळी अर्धी केली.

मग आलं वन्संच्या पोरीचं लगीन. वन्सं म्हंजी आमच्या मालकांची थोरली भैन, बोलाया खमकी, समद्या भावकीत तिचा शब्द. पंगतीला बसले, ताटात बुंदी आली. मी म्हनलं, नको. भात आला, नको. वाढपी गेला आन् वन्सं सोताच पातेलं घिऊन आल्या, म्हनल्या, माझ्या लेकीचं लगीन हाय, तोंड गोड केल्याबिगर उठायचं न्हाई. मी म्हनलं, वन्सं, मला शुगर हाय, मी भाजी खाते, काकडी खाते, पोरीला आशीर्वाद भरून देते. त्या म्हनल्या, एका घासानं काय मरतीस का? समदी पंगत बघाया लागली. हातातला घास माझ्या व्हटापाशी आला. मी त्यांचा हात धरला आन् खाली केला. जोरात न्हाई. पन केला.

बास. त्यांना ते लागलं. म्हनल्या, माझ्या दारात अन्नाला नाट लावला हिनं. तिथनं जे बोलनं सुरू झालं ते थांबंना. हिला साधी शुगर न्हाई, हिला आतून काहीतरी रोग हाय, बघा कशी वाळली, चेहरा बघा कसा उतरलाय. जाड हुते तवा हत्तीन, बारीक झाले तर रोगी! बाईच्या जातीनं दिसावं तरी कसं, ते एकदा सांगून टाका.

ते बोलनं खानावळीपर्यंत आलं. आधी दोन ट्रकवाली यायची बंद झाली. मग रोजची टोळी, जी वरसानुवरसं माझ्याकडं जेवायची, ती पलीकडच्या हाटेलात जाया लागली. भाकरी थापून ठेवायची आन् त्या तशाच. मालक एक दिवस माझ्यापुढं बसले, खाली बघत म्हनले, कौसे, माझं ऐक. चार दिवस लोकांपुढं बसून भाकरी खा, जिलबी खा, त्यांचं तोंड बंद हुईल, मग तू तुझं परत चालू कर. मी म्हनलं, आन् माझा पाय कापायची येळ आली तर हीच लोकं मला पाठकुळी घेतील का? लोकांचं तोंड बंद कराया मी माझं तोंड उघडनार न्हाई. बोलले खरं, पन रिकामी बाकडी बघितली की मी उगा तीच तीच पुसत बसायची.

दुसऱ्या दिवशी मी सरळ उठले आन् रस्त्यापलीकडच्या फडावर गेले. टोळी तिथंच हुती, ट्रक भरायचं चालल्तं, टोळीचा मुकादम गुटखा चघळत हुभा. मी इचारलं, दादा, माझं काय चुकलं? तो वशाळला, म्हनला, काकू, राग मानू नका, मानसं म्हनत्यात बाईला रोग हाय, आमी परमुलखातली मानसं, तुमच्या हातचं खाऊन काय झालं तर बघनार कोन? बाया मोळ्या बांधता बांधता कान देऊन ऐकत हुत्या. मला काय झालं काय म्हाईत. मी पदर खोचला, एका पोरीच्या डोक्यावरची चुंबळ घेतली आन् म्हनलं, द्या गं मोळी.

मुकादम म्हनला, अवो काकू, पडाल. मी म्हनलं, द्या.

दोघींनी मोळी उचलून डोक्यावर दिली. मान कडकन वाजल्यासारखी झाली. ट्रकाला लावलेली फळी म्हंजी एक पाय मावंल एवढी, वर चढाया लागलं की लवती, हालती, आन् लग्नाआधी मी त्या फळीवरनं पळत जायची, पन आता पन्नाशी आली की हो. एक पाय टाकला, दुसरा टाकला. छाती भात्यावानी. वर पोचले, वरच्या गड्यानं मोळी उतरून घेतली आन् मी तिथं उसावर हुभी ऱ्हायले, समदा फड खाली. एक म्हातारी बाई, दात पडलेली, तिनं एकदम हसून टाळी वाजवली, म्हनली, आगं बया, ही तर आपल्यातलीच हाय!

खाली उतरले, मुकादमाला म्हनलं, ही रोगी बाईची मोळी. जेवाया यायचं तर या, नसंल यायचं तर नका येऊ, पन माझ्या नावानं रोग सांगू नका. आन् घरी आले. त्या सांजंला निम्मी टोळी आली. मी माझं ताट घेतलं, त्यात दोन अंडी, मेथीची भाजी, ठेचा, काकडी, आन् पहिल्यांदा मागं न बसता मधोमध बाकड्यावर बसले, समद्यांच्या पुढं. कुनी बघितलं, कुनी न बघितल्यासारखं केलं. मी सावकाश जेवले.

पुढं दोन दिस गुडघ्यांनी माझा जीव घेतला, ते बी सांगते, लपवायचं कशाला. मालकांनी मिठाची पुरचुंडी तापवून आनून दिली. आन् त्या दिवसापास्नं घरात बुंदीचा लाडू आला तर ते बाहेर जाऊन खात्यात.

आता हे असं हाय. शुगर ताब्यात हाय, एक गोळी अजून चालू हाय, डॉक्टरीनबाई म्हनतील तवर घेनार. समदं वजन काय गेलं न्हाई, दंडाची कातडी लोंबती, दिवाळीत थोडं चढतं, मी परत उतरवते. वन्सं अजून नीट बोलत न्हाईत, समोर आल्या की मी पाया पडते, त्या आशीर्वाद पुटपुटत्यात, चाललंय. बाया येऊन कानात इचारत्यात, कंचं औषिद घेतलं? मी म्हनते, आधी जाऊन रगत तपास, डॉक्टरला इचार, माझं बघून काय बी करू नको. आन् टोळीतल्या पोरी येत्यात ना, वाळलेल्या, डोळं खोल गेलेल्या, त्यांना मी भाकरीवर भाकरी वाढते, नको म्हनल्या तरी वाढते. उपाशी मानसाला भाकरी सोड म्हननारीच्या तोंडात माती पडो. माझं शरीर येगळं, त्यांचं येगळं. त्यांचं पोट भरू दे, त्यांच्या लेकरांचं भरू दे, आन् त्यांच्या पायांना कायम चालाया मिळू दे.

चला, तवा तापलाय. तुमी लांबनं आलाय, दोन गरम गरम टाकते, पोटभर जेवा, सुखी ऱ्हावा. पन मला, एक तुमी बी खा, असं म्हनू नका. न्हाई म्हंजी न्हाई.