कुहीची मूठभर माती

ताईच्या घरच्या मंडळींनो, तिच्या विद्यार्थ्यांनो, शेजारच्या दुकानदार भावांनो, तुम्ही एवढे सारे आले की खुर्च्या कमी पडल्या. मले भाषण येत नाही. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात जन्म गेला, मशीनच्या आवाजात बोलायची सवयच लागली नाही. सांभाळून घ्या.

आपली प्रमिलाताई गेली. तुमच्यापैकी किती जणांची चित्रं तिनं काढली? पण चेहऱ्याले तिनं कधी बाजारातला रंग लावला नाही. "तुह्या गावची मूठभर माती आण," म्हणायची. ती गाळायची, वाटीत भिजवायची, मग बाभळीचा डिंक घालून घोटायची. माती खाली बसेपर्यंत कोणी बोलायचं नाही. सदरमधल्या तिच्या चित्रांच्या खोलीचा तो दुसरा माळा, खाली गाड्यांचा गोंगाट, आन वर आपण वाटीतल्या पाण्याकडे पाहून राहिलो. पाहता पाहता मी धानाच्या बांधावर पोचायचो. पाय ओले वाटायचे. झोप होती का जाग, मले अजूनही सांगता येत नाही.

मले म्हणाली, "कुहीची माती आण."

कुहीले, आमच्या गावी, माहा लहान भाऊ नामदेव शेती करते. बांधावरचा मोह बाबानं लावलेला. नामदेवनं मले न विचारता तोडला. तवापासून आमचं बोलणं बंद. मग मी काय केलं? क्वार्टरच्या कुंडीतली माती नेली! ताईनं भिजवली, तं वर नारळाची भुसी तरंगून राहिली. ताई हसली. "काहून गा, कुहीत नारळ कधीपासून लागले?"

मी सारं सांगितलं. ती म्हणाली, "झाड गेलं, मलेही वाईट वाटते. पण तुह्या चेहऱ्याची माती त्याच्याच वावरात हाये. मी थांबीन."

माह्या चित्रात धान झालं, आभाळ झालं, मोहसुद्धा उभा झाला. चेहरा कोरा. दर खेपेले विचारे, "गेला होता का गा?" मी म्हणे, "जातो ना ताई, पुढच्या रविवारी." वर्ष गेलं. तो रविवार काही आला नाही.

परवा ती गेल्याचं कळलं, आन मी सरळ कुहीची एसटी पकडली. नामदेव बांधावरच होता. म्हटलं, "मूठभर माती दे."

तो म्हणाला, "दादा, माती तं ताई धानाच्या कापणीलेच घेऊन गेली. म्हणे, तुहा भाऊ येईन. त्याले काही विचारू नको, आधी जेवू घाल."

म्हणजे माती तिच्याजवळ होतीच! तरी तिनं ब्रश उचलला नाही. मी भावाकडे जावं म्हणून ती थांबली होती. मंडळी, मले लाज वाटते. एवढी माया तिनं केली, आन मले एका एसटीचा आळस.

नामदेव, मागं काहून उभा गा? इकडं ये. माह्याजवळ ये. आता आपण सारे उठू. दोन मिनिटं शांत राहू.

ताई, आम्ही दोघंही आलो. जय भीम.