रशियाला न जाता

नेरूळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अरुणाताई थेंब घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावरचे बापलेक त्यांना दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते.

"पप्पा, मी रशियाला नाय जात."

"व्हिसा नाय दिला?"

"गाइड मॅडमच नको बोलल्या. युद्ध चाललंय, तिथे जुने कागद कोण दाखवणार आपल्याला?"

"मग पीएचडी? चार वर्षं घातलीस तू."

"ती चालू राहणार. कमिटीने विषय बदलून दिला. सकाळी पत्र आलं."

"नक्की?"

"नक्की. दोन महिने नीट झोप नव्हती मला."

"मला पण."

"तुमी तर अख्ख्या दिघ्यात सांगत होता, पोरगी रशियाला चालली म्हणून."

"सांगायचो. आणि घरी येऊन बातम्या बघायचो, आज बॉम्ब कुठे पडला ते."

"मला कधी बोलला नाय."

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. नवीन विषय काय मग?"

"आपल्या कारखान्यांत आलेले रशियन इंजिनिअर आणि इथले कामगार."

"आमच्या कंपनीत होता की एक. शहाऐंशी साली मशीन बसवायला आलेला. माझ्या डब्यातला ठेचा खाऊन रडायचा, तरी रोज मागायचा."

"थांबा पप्पा, रेकॉर्डिंग लावते. नाव, वय, काम सांगा."

"माझं?"

"तुमचंच. पहिली मुलाखत."

घसा खाकरल्याचा आवाज आला.

"विलास बाजीराव ओव्हाळ. वय त्रेसष्ट. फिटर."

तेवढ्यात नर्सने अरुणाताईंना हाक मारली.

"माझ्या नंतरच्यांना घ्या आधी," त्या हळूच म्हणाल्या. "मी बसते अजून."