खोटा कडुनिंब

शहाऐंशी साली बायकोच्या मृत्यूचा दाखला आणायला राजुऱ्याला दवाखान्यात गेलो होतो. बाकावर शेजारी दोघी बसल्या होत्या. तान्हं घेतलेली कांता आणि तिच्या ओळखीच्या कमळाबाई.

"कांते, तुह्या घरी माता आली होती म्हने, कांजण्या?"

"नाई वो बाई. नणंद चार लेकरं घेऊन राहाले येनार होती. म्हनून ह्यायनं दाराले कडुनिंब बांधला. माता हाये समजून ते फाटकातूनच परतली."

"काय अक्कल! मंग?"

"दोन दिवस आम्ही पोट धरून हासलो. तिसऱ्या दिवशी मले कळा सुरू झाल्या."

"अवो माय! दाई?"

"गिरजाबाई आली, पन कडुनिंब पाहून आंगनातच थांबली. हे म्हनत, माता नाई, खोटं हाये. ते म्हने, मातेच्या नावानं खोटं कोन बोलते?"

"आन् तू आत?"

"आत. गिरजाबाई बाहेरून वरडून सांगे, हे करत. कोंबडी कापतानी पळून जानारा मानूस! नाळ ह्यायनंच कापली."

"तुले काही झालं असतं मंजे?"

"रगत थांबतच नोहोतं, बाई. आता मले हासू येते. पन गोष्ट काढली का हे उठून बाहेर जाते."