गुजरातीतली सुई

…आणि वर तो सरकारी दवाखान्यातला डॉक्टर माझ्याच ओट्यावर उभा राहून मलाच सांगतो, "आजी, लसी आल्या म्हणून माणसं वाढली." वाढली? कुठं वाढली, दाखव ना! ह्या घरात मी अन् एक कोंबडी, अन् तीसुद्धा दिवसभर शेजाऱ्यांकडे… तुम्हाला सांगते, काय बोलत होता, काय बोलत होता, विषाणू म्हणजे म्हणे डोळ्याला दिसत नाही पण घरंच्या घरं रिकामी करतो. मी म्हटलं, आमच्या विसरवाडीत दिसतो की. लाल असतो, सुरतची पाटी लावून एसटी स्टँडवर येतो.

तसं त्याचं खोटं नाही हं. माझी माय पोर झालं तरी मोजायची नाही. कोणी विचारलं, किती लेकरं गं? तर म्हणायची, "गोवर निघू दे, मंग सांगसू." आम्ही ढीगभर जन्मलो, मूठभर उरलो. अन् माझी? सुया टोचून टोचून सगळीच्या सगळी जगली! जगली, वाढली, शिकली, सुरतेला गेली. मग कुठं वाढली माणसं?

आता माझा नातू सॅम्युअल, त्याची बायको प्रिस्किला, तिकडंच राहतात. पोरगी नऊ महिन्यांची झाली, मी अजून मांडीवर घेतली नाही. फोनवर बघते तर माझ्याच अंगठ्यानं तिचं तोंड झाकतं… अन् नवव्या महिन्याला गोवरची सुई असते ना? माझ्या डोक्यात किडा वळवळला. लावला फोन. म्हटलं, "पोरी, सुई इथलीच पायजे हां. तिकडची लस गुजरातीत असते. लेकराच्या अंगाला काय कळणार ती काय सांगते ते?"

ती हळूच म्हणते, "खरं शे का आजी?"

म्हटलं, आपल्या इथली नर्स निर्मलाबाईच म्हणाली. हसू नका, प्रिस्किला गावाला यायला पिशवी भरायला लागली होती! मी गोधड्या धुतल्या, झोळी बांधली, कोंबडीकडे नुसतं बघितलं तर ती समजून लांब जाऊन बसली…

अन् प्रिस्किलानं, शहाणीनं, फोन करून निर्मलाबाईलाच विचारलं. ही बया साखरेचा आवाज काढून म्हणते, "ताई, लस सगळीकडे एकच, तिथंच द्या, उशीर नको." झालं. दिली तिथंच. पोरगी रडली ते मला फोनवर ऐकवलं. छाती भरून रडते हो. हिला आता गोवर नेणार नाही… बरं झालं. बरंच झालं. पण कुठं वाढली माणसं?

दुसऱ्या दिवशी निर्मलाबाई दारात, लसीचा डबा घेऊन, तोंड पाडून. म्हणते, "रागावली का मार्थाआजी? साठीच्या पुढच्यांना बी एक लस आलीय. देऊ? आयुष्य वाढेल."

वाढवून करू काय, कोंबडीशी भांडू?… पण केली बाही वर. म्हटलं, टोच बाई. तेवढा वेळ तरी कोणी हात धरील.