पंख्याखालचं प्लास्टिक

नाही मास्तर, तो नको—खाली ठेवा तो प्रोसेसरचा डबा. चांगला आहे, नाही कोण म्हणतंय, पण तुमच्या त्या म्हाताऱ्या मदरबोर्डात तो बसायचाच नाही, खाचच वेगळी. आणि तुम्हाला हवंय काय? नातीबरोबर मोटारींची शर्यत खेळायचीय. ती तिकडे जिंकून, हातपाय धुऊन जेवायला बसते तरी तुमची गाडी इकडे पहिल्याच वळणावर—तुम्हीच म्हणालात मघाशी, मी नाही. जन्मभर पोरांना चित्रकला शिकवलीत, सावकाश रंगवा म्हणून ओरडलात, आणि आता या वयात कॉम्प्युटर पळवायचाय. पळवू की. त्यासाठी हा घ्या, हा बारका. दोनच कोअरचा, वापरलेला, स्वस्तातला—पण याच्या वेगाला कंपनीने कुलूप लावलेलं नाही. वाढवाल तसा वाढतो, म्हणजे एका हद्दीपर्यंत. आणि स्वस्तच का? तर जळला तरी घरी जाऊन जेवण गोड लागावं म्हणून. पहिल्यांदा ओव्हरक्लॉक करणाऱ्याने, म्हणजे असा वेग वाढवणाऱ्याने, महागाच्या वाटेला जाऊच नये.

जळतो का म्हणजे? जळतो की. वेग वाढवला की वीज जास्त लागते, वीज जास्त दिली की तापतो, म्हणून तर डोक्यावर हा पंखा. पंख्याखाली हा तांब्याचा ठोकळा, तो प्रोसेसरला चिकटून बसतो न् त्याची उष्णता ओढून घेतो. आणि ठोकळ्याला हे बघा, पारदर्शक प्लास्टिक—नव्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात. बसवायच्या आधी सोलून काढायचं. सोपंय? सोपंच आहे. पण आमच्या धंद्यात एक शहाणा होता, त्याने ते न काढताच वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट फासली न् दिला पंखा आवळून. फोटो स्टुडिओवाल्या बाईंचा कॉम्प्युटर, बाई समोर उभ्या. पंधरा मिनिटांत प्रोसेसर खलास. आणि हा शहाणा काय म्हणतो? भावाकडे बोट दाखवून—तूच वीज जास्त दिलीस, तुला मुळी धीरच नाही. सख्ख्या मोठ्या भावाला, गिऱ्हाइकासमोर.

कोण काय कोण? असाच एक. तुम्हाला काय करायचंय नाव घेऊन—बरं, मीच. झालं समाधान?

दादाने तिथेच पंखा उतरवला, उलटा करून बघितला, डब्यात घालून ठेवला, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला न् दोघांचं हे दुकान सोडून गेला. महिन्याभरात समोर दुकान टाकलं—तेच, काचेच्या दाराचं. मला वाटलं, चूक पटली म्हणून गप्प बसला. चांगली तीन वर्षं मी तसंच समजत होतो. मग माळा आवरताना तो डबा सापडला, पेस्ट पुसायला गेलो तर खाली प्लास्टिक. हे काय, ड्रॉवरमध्येच असतं माझ्या, फेकवत नाही. पेस्टखाली झाकलं गेलेलं, दादाच्या लक्षात आलं नसणार—असं मी धरून चाललोय. म्हणजे तो अजूनही समजत असणार की त्याच्याच हातून जळला. सांगायला नको? पाहिजे ना. पण आज सांगू उद्या सांगू करता करता आठ वर्षं झाली त्यालाही. रोज सकाळी तो तिकडे शटर उचलतो, मी इकडे, आणि दोघंही आपापल्या कुलपाकडे बघत राहतो. लाज वाटते हो मास्तर, दुसरं काही नाही.

जाऊ द्या. तुमच्या बोर्डाचा नेमका नंबर लिहून आणलाय का? मग मघापासून खिशात काय उबवताय, द्या ना ती चिठ्ठी. कोणी लिहून दिली? समोर? आधी तिकडे गेला होतात होय—मग त्यानेच का नाही करून दिलं? ओव्हरक्लॉक करत नाही तो? कधीपासून? आणि तो म्हणाला की यातला हात माझा चांगला आहे? तो म्हणाला? थट्टा करू नका माझी. बघू इकडे—हो, अक्षर दादाचंच, एवढ्याशा कागदावर अर्धी जागा मोकळी सोडणारं. बोर्डाचा नंबर... प्रोसेसर—हाच की, हाच बारका लिहिलाय त्यानेही. आणि खाली हे काय... ‘पंखा बसवताना प्लास्टिक काढायची आठवण करावी. विसरतो तो.’

विसरतो तो, म्हणे.

म्हणजे बघितलं होतं त्याने. त्याच दिवशी—उलटा करून बघितला तेव्हाच. अकरा वर्षं त्याला ठाऊक आहे, आणि मी इथे बसून...

काही नाही, काही झालं नाही मला. हा प्रोसेसर बाजूला काढून ठेवतो, उद्या मशीन घेऊन या. नाही, आज नाही जमायचं—नातीला सांगा, आजचा दिवस जिंकून घे म्हणावं. उठा मास्तर, मला शटर ओढायचंय. भर दुपार असू दे हो. ते ड्रॉवरमधलं प्लास्टिक तेवढं द्या इकडे, आणि ती चिठ्ठी माझ्याकडेच राहू द्या. समोर जाऊन येतो जरा.